ड्रायर घेतला खरा, पण कोणता कपडा किती वाळवायचा?

पर्वरीची_सून
१९ जून, रात्री १०:१२

मंडळी, अगदी रडकुंडीला आलेय म्हणून लिहितेय.

मृग लागल्यापासून आमच्याकडे एक दिवस धड ऊन नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला. दोरीवर टाकलेले कपडे वावझडीनं धुतल्यापेक्षा जास्त ओले होतात. घरात सहा माणसं, त्यात दोन शाळकरी मुलं, आणि नणंद बाळंतपणाला आलेली. हॉलमध्ये पंख्याखाली वलण बांधलं, तर आलेला पाहुणा लंगोटांखालून वाकून आत यायचा. शेवटी गेल्या आठवड्यात ड्रायर घेतला. सात किलोचा, सोळा प्रोग्रॅमचा, गरम हवा पाइपनं बाहेर टाकणारा.

आठ दिवसांचा जमाखर्च असा: माझा खादीचा कुर्ता लांबीला चार बोटं आटला. मुलाचा टी-शर्ट आता धाकटीला होतो. चादरींचा असा गोळा होतो की बाहेरून पापड आणि आत हात घातला तर गारढोण. टॉवेल मात्र झकास. सासूबाईंनी त्यांच्या सुती साड्या माझ्या हाती द्यायचं बंद केलंय. तोंडानं चकार शब्द नाही, पण साडी घेऊन सरळ न्हाणीत जातात आणि आतून कडी लावतात.

माहितीपुस्तकात ‘कॉटन’, ‘सिंथेटिक’, ‘डेलिकेट’ एवढंच लिहिलंय. कुठला कपडा कशात, किती वेळ आणि कुठला मुळीच घालायचा नाही, हे कुणी अनुभवानं सांगेल का?

सत्तरीची_लेक
१९ जून, रात्री १०:३१

ताई, ड्रायरमध्ये कुर्ता आटतो कसा? आमच्या मशीनला ड्रायर आहे, दहा वर्षं वापरतेय. पाच मिनिटं फिरवलं की झालं. कपड्यांवर ती प्लास्टिकची चकती दाबून ठेवा म्हणजे वर उडत नाहीत.

साष्टीकर
१९ जून, रात्री १०:४०

सत्तरीची_लेक, तुम्ही म्हणता तो दोन टबांच्या मशीनमधला पिळायचा टब. त्याला आपण सगळेच ड्रायर म्हणतो, दुकानदारही म्हणतो. पण तो नुसता गरगर फिरवून पाणी फेकतो, त्यात उष्णता नाही. पर्वरीच्या ताईंचा वेगळा. त्यात हीटर असतो, ड्रम हळूहळू फिरतो, कपडे वरून खाली पडत राहतात आणि त्यांच्यातून गरम हवा जाते. या एका शब्दापायी माझ्या भावजयीनं दुकानात अर्धा तास वाद घातला होता, दोघंही बरोबर होते.

बाल्कांव
१९ जून, रात्री ११:०५

आमच्या लहानपणी, मळ्यातल्या जुन्या घरात, आजी पालथ्या डालग्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वर बाळाची झबली, लंगोट पसरायची. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा आणि धूप. त्या झबल्यांना जो वास यायचा तो तुमच्या सोळा प्रोग्रॅमना येणार नाही.

पण खरं तेही सांगतो. एकदा झबलं जळलं होतं, आणि मोठ्यांचे कपडे चार-चार दिवस कुबट वासाचेच घालायचो. ओली चड्डी घालून शाळेत गेल्याचं सुख कुणाला हवं असेल तर त्यानं ड्रायर घेऊ नये.

सुतापासून
२० जून, सकाळी ७:१५

तीसेक वर्षं कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काढली, आता म्हापशाला निवृत्त जीवन. सकाळचा चहा घेऊन बसलोय, त्यामुळे लांब होईल.

आधी कुर्त्याचं. कापड विणताना मागावर सूत ताणलेलं असतं. ते ओलं झालं, त्याला ऊब लागली, वर ड्रममध्ये आपटाआपट झाली की सूत तो ताण सोडतं आणि जवळ येतं. म्हणजे मागानं ताणून दिलेली ती उधारी असते, ड्रायर ती एका दमात वसूल करतो. गिरणीचं चांगलं शर्टिंग आटत नाही, कारण ते आधीच यंत्रावर दाबून आटवलेलं असतं. १९३०च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी ही पद्धत काढली. ‘सॅनफोराइज्ड’ हा कापडावरचा जुना शिक्का त्यांच्याच नावावरून आला. खादी, हातमाग, गावठी लुगडं यांना हे सहसा केलेलं नसतं. म्हणून खादीचा कुर्ता शिवायच्या आधीच कापड दोनदा पाण्यातून काढायचं असतं. ते शिंप्यानं केलं नाही, आणि तुमच्या ड्रायरनं पहिल्याच फेरीत करून टाकलं.

टी-शर्ट, बनियन, लेगिंग्ज हे होजिअरीचं कापड. त्यात धागा आडवा-उभा नसतो, एकात एक अडकवलेल्या फासांचा असतो. फास ओढले जातात तसे आखडतातही, म्हणून होजिअरी साध्या कापडापेक्षा जास्त आटते. यातलं बहुतेक आटणं पहिल्या काही धुण्यांतच होऊन जातं. नवा टी-शर्ट पहिले चार-पाच वेळा सावलीत किंवा पंख्याखाली वाळवा, मग ड्रायरला कमी उष्णतेवर द्या, आणि थोडा दमट असतानाच काढून हातानं लांबीला ओढून हँगरवर लावा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक तंतू हवेतली ओल आपल्यात धरून ठेवतो. प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या हवेत सुताचं हे प्रमाण साधारण साडेआठ टक्के, रेशमाचं अकरा, व्हिस्कोसचं तेरा, लोकरीचं सोळा, नायलॉनचं चार. आणि पॉलिएस्टरचं अर्धा टक्काही नाही, ०.४. यातच तुमच्या सोळा प्रोग्रॅमचं मर्म आहे. पॉलिएस्टरच्या आत पाणी शिरतच नाही, नुसतं धाग्यांच्या मधे लोंबतं. ते पंधरा-वीस मिनिटांत निघून जातं, त्यानंतर तुम्ही नुसता कपडा तापवत असता. सुताच्या आतून पाणी ओढून काढावं लागतं, त्याला वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात. दोघांना एकत्र टाकलं तर नवऱ्याची जीन्स वाळेपर्यंत मुलीचा पॉलिएस्टरचा फ्रॉक तासभर विनाकारण भाजला जातो. म्हणून रंगांवरून वेगळं करणं धुण्यापुरतं ठेवा. वाळवताना जाड-पातळ आणि सुती-कृत्रिम असं वेगळं करा.

सुतापासून
२० जून, सकाळी ७:४२

(पुढे चालू, चहा संपला.)

कॉलरमागच्या पट्टीवर चौकोनात गोल असतो, ते ड्रायरचं चिन्ह. गोलात एक टिंब म्हणजे मंद, दोन टिंबं म्हणजे नेहमीची उष्णता. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एका टिंबाला बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान जास्तीत जास्त ६० अंश आणि दोनला ८० अंश धरतात. अमेरिकी कपड्यांवर तीन टिंबंही दिसतात. फुली असेल तर विषय संपला. चौकोनात नुसती आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा, उभी रेघ म्हणजे टांगून.

लोकर: कधीच नाही, पट्टीवर स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. लोकरीच्या केसाला माशासारखे खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. सुताचं आटणं ओढून थोडंफार सुधारतं, लोकरीचं झालं की त्याचा नमदा, म्हणजे जाड घट्ट गठ्ठा झाला. गोव्यात लोकर कुठून, असं म्हणाल, पण बाळाच्या आजीनं विणलेलं टोपडं-स्वेटर प्रत्येक घरात असतं आणि नेमकं तेच जातं.

व्हिस्कोस, रेयॉन: ओलं असताना हे कापड कमकुवत होतं. ड्रममध्ये ओढाताण नको. हलक्या फेरीत पिळा आणि टांगा.

रेशीम, जर, पूजेचा मुकटा: ड्रायरच्या खोलीतसुद्धा नेऊ नका.

ताणणारी जीन्स, लेगिंग्ज, पोहण्याचे कपडे, आतले कपडे: यांतला ताण इलॅस्टेनच्या धाग्यामुळे असतो आणि तो धागा उष्णतेनं म्हातारा होतो. एकदम तुटत नाही, सहा महिन्यांनी लक्षात येतं की गुडघ्यावर फुगा आलाय. मंद किंवा दोरीवर. हुकांचे कपडे जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर हुक दुसऱ्याच्या ब्लाउजचा जीव घेतो.

ब्लाउजचं आणखी एक. वरचं कापड एक, अस्तर दुसरं, दोन्ही वेगवेगळी आटतात. मग शिवणीला चुण्या येतात आणि आपण शिंप्याला दोष देतो. साडीच्या फॉलचंही तेच. न भिजवता लावलेला फॉल आटतो आणि काठ गोळा होतो.

पर्वरीची_सून
२० जून, सकाळी ९:२०

काका, फॉलचं वाचून मी सासूबाईंची साडी काढून पाहिली. काठ गोळाच आहे! मी ड्रायरमध्ये घातलीच नव्हती ती. त्यांना दाखवल्यावर इतकंच म्हणाल्या, “फॉल मीच लावला होता.” कडी आज लागली नाही.

चादरी आणि शाळेच्या गणवेशाचं सांगा ना कुणी. गणवेश दोनच जोड आहेत, आज संध्याकाळी धुतलेला उद्या सकाळी सात वाजता अंगात हवा.

हिशेबी
२० जून, दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कापडाचं काकांनी सांगितलं, मी बिलाचं सांगतो.

एक लिटर पाण्याची वाफ करायला, मशीन कितीही चांगलं असलं तरी, ०.६५ युनिटच्या आसपास ऊर्जा लागतेच. तो निसर्गाचा दर आहे. हवा बाहेर फेकणारं मशीन गळती धरून लिटरमागे युनिटभर खातं.

समजा, कोरडे असताना पाच किलो भरतील एवढे सुती कपडे आहेत. वॉशिंग मशीननं मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांच्यात साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. १,४०० फेऱ्यांवर पिळले तर अडीच-पावणेतीन. म्हणजे धुण्याच्या मशीनचं एक बटण बदललं की ड्रायरचं जवळजवळ एक युनिट वाचतं आणि वीस-पंचवीस मिनिटंही. जोरात पिळायला जी जादा वीज लागते ती नगण्य. ड्रायरचा सगळ्यात स्वस्त भाग वॉशिंग मशीनमध्ये असतो, हे मला पहिलं बिल आल्यावर कळलं.

अर्थात १,४०० फेऱ्या सुती चादरी, टॉवेल, जीन्स यांना. टेरीकॉटच्या गणवेशाला ८०० पुरे, नाहीतर ज्या घड्या पडतात त्या इस्त्रीला ऐकत नाहीत.

आणि हो, असल्या ड्रायरला दोन-अडीच हजार वॉट लागतात. १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर लावला असेल तर हे वाचणं थांबवून आधी काढा.

पाळोळेची_गादी
२० जून, दुपारी ३:३०

आमचं काणकोणला छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. सीझनमध्ये रोज आठ-दहा चादरी असतात, त्यामुळे चादरीच्या गोळ्यावर मी पीएच.डी. केली आहे.

ज्या चादरीच्या कोपऱ्यांना इलॅस्टिक असतं ती गुन्हेगार. तिची पिशवी होते आणि ती उशांचे अभ्रे, दुसरी चादर, मोजे सगळं गिळून बसते. ड्रायरमध्ये घालायच्या आधी प्रत्येक चादर दोघांनी धरून झटकायची, ढिली दुमडून एकेक टाकायची. धुण्याच्या मशीनमधून पिळा पडलेला दोर उचलून तसाच कोंबला की संपलं. मोठ्या चादरी एका वेळी दोन, फार तर तीन. पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडून गुंता सोडवायचा आणि परत लावायचं. आळस येतो, पण तो एक मिनिटाचा आळस अर्धा तास वीज खातो.

ड्रम निम्म्याहून थोडा जास्त भरायचा, वर मोकळी जागा हवी, कारण कपडे वरून पडताना हवा लागते. ‘सात किलो’ हे कोरड्या सुती कपड्यांचं वजन असतं. कृत्रिम कपड्यांना साधारण निम्मंच धरा. अगदी दोनच कपडे घातले तरी वाईट वाळतात, एका बाजूला चिकटून फिरत राहतात. तेव्हा सोबत एखादा कोरडा टॉवेल टाकते मी. गणवेश घाईत असेल तर हा उपाय लागू पडतो: जोरात न पिळता घ्या, कोरडा मोठा टॉवेल सोबत, मंद उष्णता, पंधरा मिनिटांनी टॉवेल काढा, आणखी पंधरा-वीस मिनिटं. गरम असतानाच हँगरला लावायचं, कॉलर आणि खिसा हातानं दाबायचा. निम्मी इस्त्री तिथेच होते. मुलीचा प्लेट्सचा स्कर्ट मात्र ड्रायरला नको. त्या प्लेट्स उष्णतेनंच बसवलेल्या असतात, ड्रम आपल्या मर्जीनं नव्या बसवतो.

आता एक गंभीर. तेलाचे कपडे. मसाजचे टॉवेल, स्वयंपाकघरातली पुसणी, बाळाच्या मालिशीची दुपटी. धुतल्यावरही त्यांत तेल राहतं. ते ड्रायरमध्ये तापलं आणि तसंच गरम गठ्ठा करून ठेवलं की आतली उष्णता बाहेर जात नाही, तेलाची हवेशी प्रक्रिया सुरू राहते आणि गठ्ठा आपोआप पेटू शकतो. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी संध्याकाळी वाळवून घडी घातलेल्या टॉवेलांतून पहाटे धूर आला. कपाट गेलं, माणसं बचावली. असे कपडे आमच्याकडे दोरीवरच जातात, पाऊस असो की नसो. रॉकेल, पेट्रोल, थिनर लागलेलं तर मुळीच नाही.

ड्रायरच्या शेवटी दहा मिनिटं नुसती थंड हवा फिरते, ती काही शोभेची नाही. घाई असली तरी मधे बंद करू नका. करावंच लागलं तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा.

बाल्कांव
२० जून, दुपारी ४:१०

नणंदेच्या बाळाची मालीश खोबरेल तेलानंच होत असेल ना? मग दुपट्यांना माझं डालगंसुद्धा नको म्हणायचं.

पाळोळेची_गादी
२० जून, दुपारी ४:१८

नकोच काका. खोबरेल त्यातल्या त्यात कमी तापतं, सूर्यफूल, जवस ही जास्त वाईट. पण कुठल्या दुपट्याला काय लागलंय हे बाळंतिणीच्या खोलीत कोण बघत बसतं?

सत्तरीची_लेक
२१ जून, सकाळी ८:५०

माझ्या दोन टबांच्या ड्रायरचा पोपट झाल्यावर मी गुमान वाचत होते. आता मलाही घ्यावासा वाटतोय. पण आमचं घर कौलारू, खिडकीतून पाइप बाहेर काढला की पाली, सरडे आत येतील. पाइप आतच सोडला तर?

साष्टीकर
२१ जून, सकाळी ९:३०

आत सोडायचा विचारही करू नका. एका फेरीत दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन खोलीत जाईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा आधीच ओलीचिंब, सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात भर घातली तर आठवडाभरात भिंतीवर बुरशीची नक्षी आणि कपाटातल्या चपलांना मिशा. शिवाय ड्रायर तीच ओली हवा परत आत ओढतो आणि वाळवायला दुप्पट वेळ घेतो.

पाइपच्या तोंडाला झडप मिळते, हवा आली की उघडते, नाहीतर मिटते. पाली त्यानं थांबतात. मी हुशारी करून डासांची जाळी लावली होती. पंधरा दिवसांत कपड्यांच्या लवेनं ती गादीसारखी भरली, हवा अडली आणि मशीन तापून आपोआप बंद पडू लागलं. मेकॅनिक आला, जाळी काढली, हजार रुपये घेतले. पाइप आखूड आणि सरळ ठेवा, वळणं घातली की लव तिथेच साठते.

पाइप नकोच असेल तर हीट पंपाचा ड्रायर बघा. तो वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो आणि तीच उष्णता परत वापरतो. वीज निम्मी किंवा त्याहून कमी. हवा कमी तापते, म्हणून कपड्यांनाही सौम्य. पण महाग, आणि सुती कपड्यांना दोन-अडीच तास घेतो. धुणं आणि वाळवणं एकात करणारी मशीनही आहेत. त्यांत आठ किलो धुता येतं, पण वाळतं पाचच किलो, हे आधी विचारून घ्या. अर्धे कपडे बाहेर काढायचे असतात हे लोकांना घरी आल्यावर कळतं.

आणि कुठलाही घ्या, समुद्राकडच्या बाल्कनीत ठेवू नका. खारा वारा पत्रा खातो, वायरींची टोकं आधी.

सत्तरीची_लेक
२१ जून, सकाळी ९:४४

त्या टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का? डिस्टिल्ड वॉटरच ना ते?

हिशेबी
२१ जून, सकाळी १०:०२

नाही. कपड्यांची लव आणि साबणाचा अंश असतो त्यात, बॅटरीची वाट लागेल. तुळशीला घाला.

कापूसवेडी
२१ जून, रात्री ९:१५

टॉवेल आणखी मऊ हवे असतील तर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घाला. मी दोन झाकणं घालते. वासही छान.

सुतापासून
२१ जून, रात्री ९:५०

टॉवेलला सॉफ्टनर म्हणजे छत्रीला भोक. सॉफ्टनर धाग्यावर मेणकट थर देतो. हाताला मऊ लागतो, पण टॉवेल पाणी टिपेनासा होतो. बाळाच्या लंगोटांना तर नकोच. हाच थर ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्यांवर बसतो. त्या पट्ट्या कपड्यांतली ओल मोजतात. थर बसला की मशीनचा अंदाज चुकतो आणि ‘वाळले’ म्हणून मधेच थांबतं किंवा थांबतच नाही. महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं पुसा.

टॉवेल दोरीवर कडक होतो तो धाग्यांमध्ये उरलेलं थोडं पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं म्हणून. ड्रममध्ये आपटून तो चिकटा सुटतो. मऊपणा उष्णतेचा नाही, आपटण्याचा. म्हणून माझी बायको टॉवेल दोरीवर बराच वाळवते आणि शेवटची पंधरा मिनिटं ड्रायरला देते. तिला हे मी शिकवलेलं नाही.

कापूसवेडी
२१ जून, रात्री १०:०५

म्हणून आमचे टॉवेल अंगावरून पाणी नुसतं सरकवतात होय! चार वर्षं मी कंपनी बदलत होते.

पर्वरीची_सून
२४ जून, रात्री ९:००

जरा प्रगती सांगते. गणवेश पस्तीस मिनिटांत तयार. चादरी झटकून दोन-दोन घातल्या, गोळा नाही. धुण्याच्या मशीनवर १,२०० फेऱ्या लावते, त्याहून जास्त त्यात नाहीत.

एक कोडं. सुती कपडे ‘एक्स्ट्रा ड्राय’वर अगदी कुरकुरीत काढते, पलंगावर ठेवते आणि संध्याकाळी घडी घालायला गेलं की परत गार, दमट. मशीन बिघडलंय का?

सुतापासून
२४ जून, रात्री ९:३५

मशीन ठीक आहे, हवा गोव्याची आहे. सूत कोरडं करून तुम्ही त्याला तहानलेलं केलंत. पावसाळ्यातल्या नव्वद टक्के दमट खोलीत ते तास-दोन तासांत आपल्या वाट्याची ओल परत पिऊन घेतं. म्हणजे शेवटची वीस मिनिटं तुम्ही जी वीज जाळली ती खोलीनं फुकट परत घेतली, आणि जादा वाळल्यानं सूत राठ होऊन झिजलं ते वेगळंच. फिल्टरच्या जाळीत रोज जी लव सापडते ती तुमच्याच कपड्यांची असते. (ती जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करता ना? नसाल तर आज करा. भरलेली जाळी म्हणजे वेळ, बिल आणि आगीची भीती, तिन्ही.)

‘एक्स्ट्रा ड्राय’ फक्त जाड टॉवेल आणि लंगोटांना. बाकी सुती कपड्यांना साधं ‘ड्राय’, इस्त्रीच्या शर्टांना त्याच्याही आधीचं. आणि काढल्यावर पलंगावर पसरून ठेवू नका. पाच मिनिटं निवू द्या, लगेच घडी, लगेच बंद कपाटात. गरम घडी कपाटात घातली तर आतच दव धरतं.

बाल्कांव
२४ जून, रात्री ९:५८

गोधडीचं विचारायचं राहिलं. बायकोच्या आईनं शिवलेली, आठ लुगड्यांची.

पाळोळेची_गादी
२४ जून, रात्री १०:२०

नको काका. ओली झाली की दहा-बारा किलोला जाईल, ड्रमचा बेअरिंग बसेल. वरचे थर वाळतील, मधली लुगडी ओलीच राहून आतून कुजतील. गोधडी ऑक्टोबरच्या उन्हाची. तोवर कपाटात सुकी राहू द्या.

पर्वरीची_सून
१९ ऑगस्ट, रात्री ८:४०

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. गणपतीची चवथ आठवड्यावर आलीय, पडदे, अभ्रे, पाहुण्यांच्या चादरी, सगळं एकदम. सासूबाईंनी परवा पहिली सुती साडी माझ्या हातात दिली. मंद उष्णतेवर बारा मिनिटं, मग बाहेर काढून दोघींनी टोकं धरून ओढली आणि हॉलमधल्या वलणावर टाकली. आटली नाही. खळ मात्र त्यांनी वाळल्यावर स्वतः दिली. खळ दिलेली साडी ड्रायरमध्ये नको हे मी सांगायच्या आधीच म्हणाल्या, “त्या डब्याला कांजी पाजू नकोस.” मुकटा माळ्यावरच्या पेटीत आहे, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

नणंदेच्या मांजरानं मधे दोनदा गरम ड्रममध्ये बैठक मारली. आता दार लावायच्या आधी आत हात फिरवून बघते. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी हे कराच.

आत्ता लिहितालिहिता वीज गेली. ड्रममध्ये तीन चादरी, चाळीस मिनिटं झालेली, थंड हवेची वेळ आलीच नव्हती.

पाळोळेची_गादी
१९ ऑगस्ट, रात्री ८:४४

लिहीत बसू नका, आधी बाहेर काढून पसरा!

पर्वरीची_सून
१९ ऑगस्ट, रात्री ९:०५

काढल्या. मेणबत्तीच्या उजेडात हॉलभर चादरी. सासरे त्यांच्याखालून वाकून जेवायला आले.

बाल्कांव
१९ ऑगस्ट, रात्री ९:१२

डालगं माळ्यावर आहे अजून. हवं असेल तर पाठवतो.